क्लासिक स्पोर्ट्स कारच्या वेड्याला भेट काय द्यावी? पाना आणि पुस्तक!

क्लासिक स्पोर्ट्स कारच्या शौकिनासाठी भेटवस्तू शोधा, समोर मग, टी-शर्ट आणि किचेनची रांग लागते. माझं मत वेगळं आहे. द्यायचंच तर पाना द्या आणि पुस्तक द्या. कारण समजलं, तर आपल्या मोबाइलबद्दलही एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येईल.

उदाहरणासाठी एमजीबी घेऊ. ब्रिटनमध्ये १९६२ ते १९८० या काळात बनलेली ही छोटी स्पोर्ट्स कार. एकूण पाच लाखांहून जास्त बनल्या आणि अनेक आजही धावतात.

आधी हत्यारं

या गाडीचे बहुतेक नट-बोल्ट इंचांत आहेत. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. आपला १३ नंबरचा पाना त्यावर बसतो, पण किंचित सैल. जोर लावला की नटाचे कोपरे झिजतात, मग तो कुणालाच दाद देत नाही. म्हणून इंची मापाचा सेट हवा: ७/१६, १/२, ९/१६. त्याआधीच्या, १९४० च्या दशकातल्या एमजी टीसीला व्हिटवर्थ नावाच्या वेगळ्याच मापाचे पाने लागतात. त्यामुळे खरेदीआधी मॉडेल आणि साल विचारून घ्या. बजेट कमी असेल तर फीलर गेज द्या. व्हॉल्व्हची ०.०१५ इंचाची फट त्यानेच मोजतात.

मग पुस्तक

१९६० च्या दशकात जॉन हेन्स हा ब्रिटिश हवाई दलातला तरुण एडनमध्ये होता. मित्राची ऑस्टिन-हीली स्प्राइट दुरुस्त करताना त्याच्या लक्षात आलं, की कंपनीचं मॅन्युअल सामान्य माणसाच्या कामाचं नाही. त्याने गाडी खोलताना आणि जोडताना टप्प्याटप्प्याने फोटो काढले. त्यातूनच १९६६ मध्ये पहिलं हेन्स मॅन्युअल आलं. एमजीबीचंही आहे. भेट म्हणून याला तोड नाही.

पण २०२० च्या अखेरीस हेन्सने जाहीर केलं, की नव्या मॉडेल्सची छापील मॅन्युअल्स काढणार नाही. माझ्या मते ही बातमी एका प्रकाशकापुरती नाही. गाडीचं ज्ञान कागदावरून कोडमध्ये गेलंय. कागद मालकाकडे राहतो, कोडची किल्ली कंपनीकडे.

तोच बिल्ला, वेगळी गाडी

एमजी हे नाव आता चिनी कंपनी सैककडे आहे. याच नावाची हेक्टर २०१९ मध्ये भारतात आली, ती ‘इंटरनेट कार’ म्हणून. आत सिम, फोनवर ॲप, अपडेट हवेतून. फायदे खरे आहेत, मी ते नाकारत नाही. पण भारतातल्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. २०१९ ची कुठलीही कनेक्टेड कार २०६९ नंतर त्या यादीत येईल. तेव्हा तिचा सर्व्हर असेल का?

मेटलचा पार्ट पुन्हा बनवता येतो. पोर्शने ९५९ या मॉडेलचा क्लचचा लिव्हर चक्क ३डी प्रिंट केला, आणि या गाड्या बनल्या होत्या फक्त २९२! कोडचं तसं नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कॉलेजात लिहिलेला माझाच प्रोजेक्ट आज चालवायला गेलो, तर निम्म्या लायब्ररी बंद पडलेल्या. सोर्स कोड हातात असूनही ही गत. तो कंपनीच्या कपाटात असेल तर विचारच करा.

आपल्याला काय?

युरोपियन युनियनमध्ये जून २०२५ पासून नव्या स्मार्टफोनसाठी नियम लागू झालेत: विक्री थांबल्यावरही सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग आणि किमान पाच वर्षं सॉफ्टवेअर अपडेट. भारतात डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू झालं. त्यात मोबाइलही आहेत, गाड्याही. कल्पना चांगली, पण पोर्टलवर माहिती ठेवणं वेगळं आणि सुटा भाग देण्याची सक्ती वेगळी.

तोवर पुढचा फोन घेताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलसोबत दोन प्रश्न विचारा. अपडेट किती वर्षं मिळणार? बॅटरी गल्लीतल्या दुकानात बदलून मिळेल का?

साठ वर्षांची एमजीबी आज चालते, कारण तिच्या मालकाला ती उघडता येते. आपण विकत घेतलेली वस्तू आपल्याला उघडता येत नसेल, तर ती नेमकी कुणाची?