आडनाव मुक्काम सांगतं, मूळ नव्हे

'आडनाव सांगा, तुमचं मूळ सांगतो' असं ठासून लिहिणाऱ्या एका विद्वानांचं म्हणणं थोडक्यात असं आहे : 'कर' लागलेलं आडनाव ही घराण्याच्या उगमाची खूण, गोत्र हा रक्ताचा दाखला, कुलदैवत हा मूळस्थानाचा पुरावा, आणि या तिन्हींचा मेळ घातला की या मातीतला कोण आणि उपरा कोण हे ठरवता येतं. पहिली तीन विधानं अर्धवट अभ्यासाची म्हणून सोडून देता आली असती. चौथ्याचं उत्तर देणं भाग आहे. शेजाऱ्याला उपरा ठरवण्यासाठी मराठी शब्दांना साक्षीला बोलवायचं असेल, तर त्यांची साक्ष पुरती ऐकून घेतली पाहिजे.

'कर' पासूनच सुरुवात करू. रोह्यात राहणाऱ्याला रोहेकर म्हणून काही ओळख मिळत नाही, कारण तिथे सगळेच रोह्याचे. गाव सोडून तो दुसरीकडे बिऱ्हाड करतो, तिथले लोक 'हा कुठला?' म्हणून विचारतात, आणि त्या प्रश्नाचं उत्तरच त्याला चिकटतं. म्हणजे अशी बहुतेक नावं गावाबाहेर पडल्यावर, परक्यांच्या तोंडून मिळालेली असतात. त्यांत शेवटचा सोडलेला मुक्काम असतो. त्याआधीचे मुक्काम त्यांत नसतात. याचा सर्वांत स्वच्छ पुरावा कोकणातल्या बेने इस्राएल समाजाचा आहे. आपल्या पूर्वजांचं जहाज नवगावजवळच्या किनाऱ्यावर फुटलं आणि वाचलेली माणसं तिथेच राहिली, अशी त्यांची परंपरा सांगते. पुढे हा समाज तेलाच्या घाण्यावर जगला, शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवू लागला, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. त्यांची आडनावं रोहेकर, पेणकर, किहीमकर, नवगावकर. विद्वानांची कसोटी लावली तर हे लोक रोह्यात आणि पेणमध्येच उगवलेले ठरतात. परंपरा मानली तर समुद्रापलीकडून आलेले. खरं म्हणजे रोहेकर हे आडनाव खोटं बोलत नाही. रोह्यात ज्या पिढ्या गेल्या, त्या ते प्रामाणिकपणे सांगतं. त्यापलीकडचं त्याला विचारणारा चुकतो. आणि आता यांतलीच पुष्कळ घराणी इस्राएलमध्ये स्थायिक झाली आहेत. तिथेही या आडनावात रोहा आहे. मग त्यांना उपरे कुठले म्हणायचं, तिथले की इथले? 'कर' नसलेल्या आडनावांचंही तसंच. जोतीराव फुल्यांचं घराणं कटगुण गावचं, आडनाव गोऱ्हे. पुण्यात फुलांचा व्यवसाय केला म्हणून लोक फुले म्हणू लागले. आडनावावरून माग काढणारा माणूस पुण्यातल्या फुलांच्या टोपलीपाशी थांबेल, कटगुणला पोचणारच नाही. नाना फडणवीसांचं मूळ आडनाव भानू; फडणवीस हा दरबारातला हुद्दा. तुकोबांच्या घराण्यात कूळ मोरे आणि आडनाव आंबिले, असे दोन थर सांगितले जातात. कुलकर्णी, देशमुख, पाटील, चौगुले, पोतदार ही तर उघड वतनाची आणि कामाची नावं. त्यांतून रक्त कसं वाचायचं?

गोत्राचं उत्तर एका ओळीत देता येतं : क्षत्रिय-वैश्यांनी पुरोहिताचं गोत्र लावावं असं मिताक्षरा हा धर्मशास्त्राचा ग्रंथच सांगतो, मग ते रक्ताचं कसं? कुलदैवत तरी एका जागी राहिलं का? गोव्यातल्या पोर्तुगीज अमलात मंगेशाला कुठ्ठाळीहून प्रियोळला आणि शांतादुर्गेला केळशीहून कवळ्याला हलवावं लागलं. भक्तांबरोबर देवांनीही स्थलांतर केलं. उपरा शोधायची हीच दृष्टी शब्दांना लावली, तर 'कुर्सीनामा' हा शब्दही फारसी म्हणून वंशावळीच्या दप्तरातून हाकलावा लागेल. वतनाच्या तंट्यात ज्या कागदावर पिढ्या मांडून हक्क सिद्ध होत, त्या कागदाचंच हे नाव. शब्द काढला तर त्यामागचा हक्काचा व्यवहारही विसरला जातो. आणि 'कूळ' या शब्दाकडे तर या विद्वानांनी पाहिलेलंच दिसत नाही. मराठीत कूळ म्हणजे घराणं, कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, आणि सावकाराचा देणेकरीही कूळच. 1948 च्या कुळकायद्यातलं कूळ कुणाच्या खानदानाबद्दल काही बोलत नाही. जमीन कोण कसतो एवढंच ते सांगतं. ज्या भाषेने घराण्याला आणि कसणाऱ्याला एकच शब्द दिला, तिला रक्ताच्या शुद्धतेची साक्षीदार करणं हा तिच्यावर अन्याय आहे.

मग हे शब्द टाकून द्यायचे का, असा आक्षेप येईल. मुळीच नाही. आडनाव मुक्कामाची नोंद म्हणून वाचावं, हुद्दा कामाची नोंद म्हणून, कुलदैवत प्रवासाची नोंद म्हणून. तसं वाचलं तर हेच शब्द इतिहासाला फार उपयोगी पडतात. शिवाय मराठीकडे आजोळ आणि पणजोळ असे दोन शब्द आहेत, जे आईकडचं गाव आणि तिच्या आईकडचं गाव सांगतात. छापील कुलवृत्तान्त उघडला की बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या रेघा पानभर दिसतात, आणि सून म्हणून आलेल्या बाईचं फार तर नाव आणि 'पूर्वाश्रमीची अमुक' एवढंच. तिच्या आईचं गाव तिथे नसतं. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव वडिलांच्या नावाआधी येऊ लागलं आहे. कुलवृत्तान्तांच्या पुढच्या आवृत्त्यांत दर पिढीपुढे आजोळचा एक रकाना घालावा.