लावलेले दार

गेल्या दिवाळीत भाच्यांनी मला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा सूत्रधार केले. सूत्रधाराने गोष्ट सांगायची, पोरांनी फासे टाकीत तीत शिरायचे. मी हिकमन दांपत्याचा १९८३ सालचा ‘रेव्हनलॉफ्ट’ काढला. धुक्याने वेढलेला मुलूख, गडावर रक्तपिपासू काउंट स्ट्राड! त्याच्यावर चालणारी तलवार कोठे दडली आहे, हे पत्ते पिसून ठरायचे.

पणतीच्या उजेडात मी काउंटचे सुळे चांगले रंगवून सांगितले. पोरे फिदीफिदी हसली. मग एवढेच म्हणालो, “मघाशी तुम्ही लावलेले दार आता उघडे आहे.”

फासे कुणी उचलीना. धाकटी पुटपुटली, “मामा, दिवा लाव ना.” लावला, डाव मोडला. ताईची बोलणी खाल्ली, तीही रास्तच. सकाळी थोरल्याने विचारले, “दार उघडले कुणी?”

खरे सांगतो, मलाही ठाऊक नव्हते.