खिशातले बखरीचे पान

डिसेंबर २०२१मध्ये नाशिकला भरलेल्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते शास्त्रज्ञ आणि विज्ञानकथाकार जयंत नारळीकर. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत आणि चर्चा त्यांच्या गैरहजेरीचीच रंगली. खरे तर ती त्यांच्या कथांची व्हायला हवी होती.

१९७४च्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. नारळीकरांनी आपलीच आद्याक्षरे उलटी करून ते घेतले होते.

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाचा एक प्राध्यापक अशा जगात पोहोचतो, जिथे १७६१चे पानिपतचे युद्ध मराठ्यांनी जिंकलेले असते. परतल्यावर पुरावा काय? खिशात राहिलेले बखरीचे एक फाटके पान! रेल्वे, ग्रंथालय, पुस्तके असा नेहमीचा तपशील लेखकाने इतका चोख दिलेला असतो, की त्या पानाशी वाचक थबकतो. गूढ धूसर भाषेतून येत नाही. ते अशा नेमकेपणातून येते. पुढे कथेत शास्त्रीय उलगडा येतो. तो हुशारीचा आहे, पण पानाने दिलेला थरार त्यात थोडा ओसरतो, हेही मान्य करायला हवे.

आजच्या अनेक कथा मात्र शेवटच्या परिच्छेदात सगळे समजावून सांगतात. वाचकावर एवढा अविश्वास कशासाठी?

संमेलन भरले त्या नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४०पासूनचे आहे. गूढ कसे राखायचे हे पाहण्यासाठी नव्या कथाकारांनी अशा एखाद्या वाचनालयात बसून नारळीकर आणि कथाकार जी. ए. कुलकर्णी शेजारी शेजारी ठेवून वाचावेत.