सेफ्टी कोणाची?

आपल्या गणेशोत्सवाच्या दिवशी हायस्कूलचा पार्किंग लॉट पाहावा. सात आसनी एसयूव्हींची नुसती रांग! कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: "मुलांच्या सेफ्टीसाठी हो." माझा प्रश्न एवढाच, कोणाच्या मुलांच्या?

अमेरिकेत गाडीची सेफ्टी म्हणजे आत बसलेल्याची सेफ्टी. युरोपात २००५ पासून गाडीच्या नव्या मॉडेलला आणखी एक परीक्षा द्यावी लागते: धडक बसली तर पादचाऱ्याच्या डोक्याला आणि पायाला किती मार बसेल? म्हणून तिथे बॉनेट आणि इंजिन यांच्यात मोकळी जागा ठेवतात. काही गाड्यांचं बॉनेट तर धडकेच्या क्षणी मागच्या बाजूने वर उचललं जातं. अमेरिकन सरकारला असा नियम नुसता सुचवायलाच २०२४ उजाडलं. (मागच्या इंडिकेटरचंही तेच. युरोपात तो पिवळाच लागतो, इथे लाल चालतो. वळताना मागून बसणाऱ्या धडका पिवळ्यामुळे सुमारे ५ टक्के कमी होतात, हे इथल्याच सरकारी खात्याने २००९ मध्ये मोजून दाखवलं. नियम मात्र जिथल्या तिथे.)

"युरोपात रस्ते अरुंद, पेट्रोल महाग, म्हणून गाड्या लहान," असं आपले मित्र सांगतात. मान्य. पण पादचाऱ्याच्या कवटीचा आणि रस्त्याच्या रुंदीचा काय संबंध?

२००९ मध्ये अमेरिकेत ४,१०० च्या आसपास पादचारी गाड्यांखाली मेले. २०२२ मध्ये साडेसात हजारांच्या आसपास. सगळं पाप गाड्यांचं नाही. अंधारे रस्ते आहेत, हातातले फोन आहेत. पण विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या हायवे सेफ्टी संस्थेने २०२३ मध्ये सांगितलं, की ४० इंचांहून उंच बॉनेटची गाडी ३० इंचांपर्यंतच्या गाडीपेक्षा पादचाऱ्याचा जीव घेण्याची शक्यता सुमारे ४५ टक्के जास्त. बुटकी गाडी पायाला लागते, उंच गाडी छातीला आणि डोक्याला.

आणि आपल्या सबडिव्हिजनमध्ये चालतं कोण? सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा! फुटपाथ मध्येच संपतो, रस्ता ओलांडताना सवयीने मान आधी उजवीकडे वळते, आणि गाडी येते डावीकडून.

पुढच्या वेळी डीलरकडे आईलाही न्या. कप होल्डर मोजून झाले, की तिला गाडीच्या पुढे उभी करा आणि स्टिअरिंगमागे बसून बघा, ती दिसते का.