झाडू बोलत नाही, हीच तक्रार

दृष्टिहीन माणसाच्या घरात झाडणारा रोबोट आला की पाहुण्यांची दोन वाक्ये ठरलेली असतात. पहिले मोठ्याने, ‘वा, आता आरामच आराम!’ दुसरे दारातून बाहेर पडल्यावर, ‘एवढे पैसे घालवण्यापेक्षा बाई लावायची ना.’ दोन्ही वाक्यांत दया आहे, पण माहिती नाही.

आधी माहिती घेऊ. न दिसणारी व्यक्ती झाडू शकत नाही, हा समज खोटा आहे. माझी थोरली बहीण, आमची आपा, गेली कित्येक वर्षे झाडते आहे. ती अनवाणी फिरते, तळव्याला कचकच लागते तिथे थांबते. खोलीचे मनात पट्टे पाडते आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत एकेक पट्टा संपवते. काम चोख होते, पण वेळ दुप्पट लागतो. शिवाय काम झाले की नाही याचा निकाल नेहमी डोळस माणूस देतो. सोफ्याखाली राहिलेला एक केस दाखवून लोक सगळ्या घराला नावे ठेवतात. तिच्या लग्नाची बोलणी चालू असताना प्रत्येक घरातून एकच प्रश्न आला होता, ‘झाडू-पोछा जमेल का?’ दृष्टिहीन मुलाला हा प्रश्न कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

म्हणून हे यंत्र आपासाठी चैन नाही. जिथे जानमाज अंथरायची ती फरशी साफ आहे का, हे रोज दुसऱ्याला विचारावे लागू नये, एवढीच तिची अपेक्षा आहे. बाई लावा म्हणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. बाई झाडताना खुर्ची वीतभर सरकवते, चपला उचलून भलतीकडे ठेवते. आपल्याला त्याचे काही वाटत नाही. आपाला मात्र त्या वीतभराने ठेच लागते.

यंत्राचे दोष मी लपवणार नाही. त्याला कोपरे नीट जमत नाहीत. चार्जरची वायर आणि पलंगावरून लोंबणारी चादर त्याला अडवते. आपल्या जुन्या घरांतले उंबरठे त्याला चढवत नाहीत. ब्रशमध्ये अडकलेले केस हातानेच काढावे लागतात. चालू यंत्र पायात आले तर न दिसणारी व्यक्ती पडूही शकते. पण या सगळ्यावर उपाय आहे. वायर आधी उचलावी, चादर वर खोचावी, यंत्र एका खोलीत सोडून आपण दुसऱ्या खोलीत बसावे. हे आपा शिकली आहे.

जे शिकून सुटत नाही, त्याबद्दल माझे भांडण आहे. 2002 साली अमेरिकेत रूम्बा बाजारात आला, तेव्हा त्याला चालवायला मोबाइल लागत नव्हता. पाठीवरची बटणे पुरत असत. ती बोटाला कळतात. आज यंत्र लेसरने घराचा नकाशा काढते, पण तो नकाशा मोबाइलवर नुसते चित्र म्हणून येतो. ‘इथे जाऊ नकोस’ हे सांगायला त्या चित्रावर बोटाने चौकोन ओढावा लागतो. यंत्र वायफायला जोडायला क्यूआर कोडवर कॅमेरा नेमका धरावा लागतो. बिघाड झाला की लाल दिवा लुकलुकतो. तो कोणासाठी? मोबाइलचा टॉकबॅक पडदा वाचून दाखवू पाहतो, पण त्याच्या तोंडून येते, ‘बटण, लेबल नाही.’ पुन्हा ‘बटण, लेबल नाही.’ मी भाषा शिकवते. नाव नसलेली वस्तू मागता येत नाही, हे पहिलीच्या मुलालाही कळते. बटणाला नाव द्यायला कारखाना बदलावा लागत नाही, दोन शब्द लिहावे लागतात.

आणि ही मेहेरबानी नाही, कायदा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 चे कलम 42 सांगते की रोजच्या वापराची इलेक्ट्रॉनिक उपकरणे सर्वांना वापरता येतील अशा रचनेत मिळावीत यासाठी सरकारने पावले उचलावीत. कलम 43 ग्राहकोपयोगी वस्तूंबद्दल तेच म्हणते. आयएस 17802 हे सुलभतेचे भारतीय मानकही तयार आहे. सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतूडी प्रकरणात बजावले की सुलभतेचे नियम नुसते शिफारशीवजा असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. 30 एप्रिल 2025 रोजी त्याच न्यायालयाने डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात आपा हक्कदार आहे आणि दुकानात मात्र अर्जदार.

‘असे ग्राहक किती?’ असे विक्रेते विचारतात. 2011 च्या जनगणनेत दृष्टिदोष असलेल्या व्यक्ती 50 लाखांहून अधिक होत्या. त्यात मधुमेहाने किंवा वयाने नजर अधू होत जाणारे आपले आईवडील मिळवा. आज जो ‘किती’ विचारतो, तो उद्या स्वतः त्या गिनतीत असू शकतो.

‘गरीब देशात ही श्रीमंतांची खेळणी’ असेही म्हटले जाते. मोबाइलबद्दलही हेच म्हणत होते. वस्तू स्वस्त होते, पण तिचा मुकेपणा आपोआप जात नाही. महाग असताना मुकी बनवलेली वस्तू स्वस्त झाल्यावरही मुकीच राहते. म्हणून हट्ट आत्ताच धरायला हवा.

तुम्ही डोळस असाल तरी हा हट्ट तुमचाही आहे. घरात असे यंत्र घ्यायला जाल, तेव्हा विक्रेत्याला सांगा, ‘मोबाइलचा टॉकबॅक चालू करा, डोळे मिटा आणि आता हे चालवून दाखवा.’ त्याला जमले नाही तर का घेत नाही ते सांगा आणि पुढच्या दुकानात जा. दृष्टिहीन ग्राहकाचे म्हणणे एकट्याची तक्रार म्हणून बाजूला ठेवता येते. दहा डोळस ग्राहकांनी तेच विचारले की कंपनीला तो धंद्याचा प्रश्न वाटू लागतो.