भाषणाला व्हाउचर जोडा



निवडणूक आली की टीव्हीवाल्यांचा हंगाम सुरू होतो. संध्याकाळी चार पक्षांचे चार जण चार चौकटींत येऊन बसतात, एकाच वेळी बोलतात आणि मधला निवेदक सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडतो. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर, कोळसा खाणीच्या गेटवर, बचत गटाच्या बैठकीत निकालही लागलेला असतो. "काल आपल्यावाल्याने त्याले चांगला धुतला जी!" कोणत्या मुद्द्यावर धुतला, असे विचारले की मंडळी एकमेकांकडे पाहतात. आवाज लक्षात राहिलेला असतो, उत्तर राहिलेले नसते.

मी पडलो कारकून माणूस. आमच्या टेबलावर बिल आले की अक्षर वळणदार आहे की नाही, हे आम्ही बघत नाही. मागे व्हाउचर जोडले आहे का, एवढे बघतो. नसेल तर बिल परत. उमेदवाराच्या बोलण्यालाही हीच रीत लावावी, असे मला वाटते.

उमेदवारांना समोरासमोर बसवून बोलायला लावण्याची प्रथा अमेरिकेची. तिथे पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरवण्यासाठीही आधी मतदान होते. त्याला प्राथमिक निवडणूक म्हणतात. १९५६ साली डेमोक्रॅटिक पक्षाचे स्टीव्हन्सन आणि केफॉव्हर हे दोन इच्छुक मायामीहून टीव्हीवर समोरासमोर आले. अशा वादात एक अडचण असते. दोघेही एकाच पक्षाचे, धोरण जवळपास एकच. मग बघणारा फरक शोधतो तो हसण्यात, कोटात आणि हजरजबाबीपणात. आपल्याकडे पक्ष वेगवेगळे असूनही आपण तेच करतो, ही गोष्ट वेगळी.

त्यानंतर २६ सप्टेंबर १९६० रोजी केनेडी आणि निक्सन यांचा वाद झाला. तो सुमारे सात कोटी लोकांनी पाहिला. निक्सन नुकतेच गुडघ्याच्या दुखण्याने दवाखान्यात राहून आले होते, चेहरा ओढलेला होता. ज्यांनी टीव्हीवर पाहिले त्यांना केनेडी जिंकले असे वाटले, आणि ज्यांनी रेडिओवर ऐकले त्यांना निक्सन, असे तेव्हापासून सांगितले जाते. या गोष्टीमागची पाहणी तुटपुंजी होती, असे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले. म्हणून तिच्यावर फार भार टाकू नये. पण प्रयोग घरी करून बघण्यासारखा आहे. आपण पुरुष मंडळी टीव्हीसमोर मांडी घालून बसतो आणि घरची बाई आत भाकरी थापता थापता नुसते ऐकते. वाद संपल्यावर तिला विचारा. "तो काही सांगूनच नाही राहिला, नुसता दुसऱ्याच्या बापाचं काढून राहिला," असे ती दोन वाक्यांत सांगून मोकळी होईल.

तरी दिसणे अगदीच बिनमहत्त्वाचे आहे, असेही नाही. २७ जून २०२४ रोजी बायडन आणि ट्रम्प यांचा वाद झाला. त्यात राष्ट्राध्यक्ष बायडन वाक्ये हरवू लागले आणि २१ जुलैला त्यांनी उमेदवारी सोडली. तिथे प्रश्नच असा होता की हा माणूस आणखी चार वर्षे काम पेलू शकेल का. त्या प्रश्नाचे उत्तर पडद्यावर दिसण्यासारखे होते. पट्टा, पाणी आणि रोजगार यांचे उत्तर चेहऱ्यावर दिसत नाही.

भारतात असा रीतसर वाद घडवण्याचा प्रयत्न मे २०२४ मध्ये झाला. माजी न्यायमूर्ती मदन लोकूर व ए. पी. शहा आणि पत्रकार एन. राम यांनी नरेंद्र मोदी व राहुल गांधी यांना एका व्यासपीठावर येण्याचे निमंत्रण दिले. राहुल गांधींनी होकार कळवला. वाद काही झाला नाही.

आणि प्राथमिक निवडणूक? तीही आपल्या शेजारी होऊन गेली. मार्च २०१४ मध्ये काँग्रेसने देशातल्या काही मोजक्या लोकसभा मतदारसंघांत तो प्रयोग केला, त्यात वर्धा होते. सागर मेघे आणि चारुलता टोकस यांच्यात पक्षाच्या पदाधिकाऱ्यांनी मतदान केले. मेघे निवडले गेले, लोकसभेला भाजपच्या रामदास तडस यांच्याकडून हरले, आणि त्याच वर्षी दत्ता मेघे मुलांसह भाजपमध्ये गेले. सामान्य मतदाराला त्या पहिल्या फेरीत विचारले गेले नव्हते. एरवी तर तेवढेही होत नाही. तिकीट बंद खोलीत ठरते आणि तयार झालेला माणूस टीव्हीवर आपल्यापुढे येतो. मग आपल्या हाती राहते फक्त टाळ्या वाजवणे.

आपल्या समाजाला मात्र प्राथमिक निवडणूक हा शब्द नवा नाही. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात तीच पद्धत होती. त्या करारात मध्यप्रांताला २० राखीव जागा मिळाल्या. आपला चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात होता, आणि गडचिरोली १९८२ पर्यंत चांद्याचाच भाग होती. राखीव जागेसाठी आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी चार जणांची यादी निवडायची आणि मग सर्व जातींच्या मतदारांनी त्या चौघांतून एक निवडून द्यायचा, असा नियम होता. त्यामुळे आपल्या लोकांनी पहिल्या क्रमांकाची पसंती दिलेला घरी बसे, आणि तिसरा-चौथा इतरांच्या मतांवर विधिमंडळात जाई. १९४६ साली कॅबिनेट मिशनपुढे बाबासाहेबांनी हीच व्यथा मांडली. आणखी एक बघा. वादविवादात बाबासाहेबांपुढे कोण टिकले असते? तरी १९५२ ला मुंबईत काजरोळकर त्यांच्याविरुद्ध निवडून आले आणि १९५४ ला भंडाऱ्यात बोरकर. वादात कोण सरस ठरले आणि मत कोणाला पडले, या दोन वेगळ्या वह्या आहेत, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक?

आता व्हाउचरकडे येऊ. आपल्या दोन जिल्ह्यांत प्रत्येक निवडणुकीत एक वाक्य ठरलेले असते : "जबरानजोतवाल्यांना पट्टे देऊ." टाळ्या पडतात. पण २००६ चा वनहक्क कायदा काय म्हणतो? आदिवासी कुटुंबाचा ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असला पाहिजे. आदिवासी नसलेल्यांना, म्हणजे जंगलकाठच्या आपल्या कितीतरी कुटुंबांना, त्याच तारखेच्या मागे तीन पिढ्यांचा, ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. म्हणजे पुरावा जवळपास १९३० पर्यंत मागे न्यायचा. ज्यांच्या आजोबांना शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांनी कागद कुठून आणायचा? नियमांत गावातल्या वृद्धांचे लेखी निवेदनही पुराव्यात धरले आहे, पण हे किती जणांना माहीत असते? म्हणून "पट्टे देऊ" म्हणणाऱ्याला विचारावे : ७५ वर्षांच्या अटीचे काय करणार? अट केंद्राच्या कायद्यातली आहे, ती तुम्ही आमदार होऊन कशी बदलणार? बदलणार नसाल, तर आमचे नाकारलेले दावे पुन्हा उघडायला लावणार का? यावर जो आवाज चढवतो त्याच्याकडे व्हाउचर नाही, असे समजायला हरकत नाही. जो "अट मला बदलता येणार नाही, पण वृद्धांची निवेदने लिहून घ्यायला गावात माणूस बसवतो" म्हणतो, त्याचे बोलणे अडखळत असले तरी त्याला जास्त गुण द्यावेत.

गंमत अशी, की दाव्यांचा विचार करणाऱ्या उपविभागीय समितीत पंचायत समितीचे तीन सदस्य असतात आणि जिल्हा समितीत जिल्हा परिषदेचे तीन. आमदाराला तिथे खुर्ची नाही. ज्यांना आहे, त्यांना कोणी टीव्हीवर बोलावत नाही. त्यांचा वाद आपणच विहारात किंवा ग्रामसभेत ठेवला पाहिजे.

दुसरे उदाहरण दारूचे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ ला आली, आणि माजी सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या समितीच्या अहवालानंतर २०२१ मध्ये उठली. बंदी आली तेव्हा सरकार भाजप-शिवसेनेचे होते, उठली तेव्हा शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेसचे. म्हणजे एक पक्ष दोन्ही वेळा सरकारात होता. पुढे २०२२ ला शिवसेना फुटली, २०२३ ला राष्ट्रवादी. म्हणून हे खाते पक्षाच्या नावाने काढू नये, माणसाच्या नावाने काढावे : २०१५ ला तुम्ही कुठे होता, काय बोललात? २०२१ ला कुठे होता, काय बोललात?

हा प्रश्न बायांनीच विचारावा, कारण दारूचा हिशेब त्यांच्याकडे पक्का असतो. उमेदवार हात जोडून म्हणतील, "ताई, तुमच्या भावना मी समजतो." भावना राहू द्या भाऊ, तारीख सांगा, म्हणावे आणि वही उघडावी.