रिकाम्या जागेतला सोंगाड्या

काळ्या पत्त्यावर एक अर्धवट वाक्य, मध्ये रिकामी जागा. प्रत्येकाच्या हातात दहा पांढरे पत्ते. एकजण पंच होतो. बाकीचे त्या जागेसाठी आपल्याकडचा सर्वांत आचरट पत्ता उपडा टाकतात. पंचाची ज्यावर हसून मुरकुंडी वळेल, त्याला गुण. ‘कार्ड्स अगेन्स्ट ह्युमॅनिटी’ हा एवढाच खेळ. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या आठ शाळासोबत्यांनी तो रचला आणि इंटरनेटवर वर्गणी जमवून २०११मध्ये बाजारात आणला. आता आपल्याकडच्या पार्ट्यांतही तो रंगतो.

‘हे आपल्या संस्कृतीत बसत नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी संगमनेरला जाऊन यावं. तमाशा आणि लावण्या गाजवणारे अनंत फंदी १७४४मध्ये इथल्याच घोलपांच्या घरात जन्मले. ब्राह्मणानं डफ हाती घ्यावा हे अहिल्याबाई होळकरांना रुचलं नाही, त्यांच्या सांगण्यावरून फंदी कीर्तनाकडे वळले, अशी आख्यायिका आहे. अहिल्याबाई जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. म्हणजे चावटपणा आणि मर्यादा यांचं भांडण इथं दोनशे वर्षांपूर्वीच होऊन गेलं आणि दोन्ही पक्ष आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलेच!

कांताबाई सातारकरांचा तमाशाचा फडही याच संगमनेरचा. त्यांचे चिरंजीव रघुवीर खेडकर यांनी सोंगाड्या म्हणून नाव कमावलं. बतावणीत समोरचा गंभीरपणे बोलत असतो आणि सोंगाड्या नेमक्या जागी भलताच शब्द घुसडतो. प्रेक्षक त्या जागेचीच वाट पाहत असतात. कलगी-तुऱ्याच्या झगड्यात एका फडानं टाकलेला सवाल दुसऱ्यानं तिथल्या तिथं सोडवायचा. उखाण्यात तर नावाची जागा आधीच ठरलेली. तिथवर पोचायची वाट जितकी वाकडी, तितका हशा.

फरक आहे तो जबाबदारीचा. सोंगाड्या पाटील, सावकार, पुढारी यांची टोपी उडवतो, तीही त्यांच्याच गावात, समोर उभं राहून. विनोद पडला तर शिट्ट्या त्यालाच ऐकाव्या लागतात. छापील पत्त्यातला विनोद परक्यानं परक्यांसाठी लिहिलेला असतो. खेळणारा तो नुसता टाकतो आणि हात झटकतो. मग बलात्कार, अपंगत्व, वंश असं काहीही हसण्यावारी जातं. खुद्द निर्मात्यांनाही पुढं काही पत्ते काढावे लागले. तृतीयपंथीयांवरचा एक पत्ता लिहिल्याचा पश्चात्ताप त्यांच्यापैकी एकानं २०१४मध्ये जाहीरपणे बोलून दाखवला.

म्हणून बंदी नको, पत्तेच आपले हवेत. धंदा करायचा नसेल तर हा खेळ छापायला आणि बदलायला परवानगी आहे. निर्मात्यांनी तो तशाच परवान्याखाली मोकळा केलाय. जुन्या लग्नपत्रिकांचे कोरे भाग कापा, पेन घ्या. ‘नगर-मनमाड रस्त्याच्या खड्ड्यात अखेर सापडलं ____.’ ‘साखर कारखान्याच्या सभेत अध्यक्ष म्हणाले, उसाला भाव नाही, पण ____ आहे.’ पांढऱ्यांवर ‘चेअरमनच्या मेहुण्याचं टेंडर’ येईल, ‘आत्याबाईंचं व्हॉट्सॲप विद्यापीठ’ येईल, घोळक्यातल्याच कुणाचा सातव्यांदा परत आलेला बायोडेटाही येईल. हातानं लिहिलेल्या पत्त्यावर अक्षर ओळखू येतं. जोक कुणाला लागलाच, तर ‘मी नाही, पत्ता म्हणाला’ अशी पळवाट राहत नाही. लिहिणारा समोरच मांडी घालून बसलेला असतो.